हवेत सोडलेली पिन

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. त्या वेळी तर या बाबतीत मी जरा जास्तच नाकाने कांदे सोलत असे. चामराजपेटेतल्या माझ्या वर्गात कुणी नवीन आलं की पहिल्याच दिवशी मी त्याला भूत दाखवायची. टेबलावर एक छोटा बोर्ड असे. त्यावर एक चिप, एक लाल दिवा आणि चिपच्या एका पिनला जोडलेली वीतभर तार. तारेचं दुसरं टोक कशालाच जोडलेलं नसे. मी म्हणायची, ‘हात जवळ न्या, पण लावू नका.’ हात टीचभर अंतरावर आला की दिवा लागायचा. हात मागे घेतला तरी कधी कधी जळत राहायचा, आणि कधी जवळपास कुणी नसताना आपला आपणच थरथरायचा. चांगली शिकलीसवरलेली माणसं खुर्ची मागे सरकवायची. मला त्याची फार मजा वाटे.

मग मी समजावून सांगे. बटण दाबलं की पिनला पाच व्होल्ट मिळतात, हे सगळ्यांना कळतं. बटण सोडलं की शून्य मिळत असेल, असं सगळ्यांना वाटतं. पण शून्यसुद्धा द्यावं लागतं. कुणीच काही दिलं नाही तर पिन हवेत लटकते आणि मिळेल ते ऐकत बसते: भिंतीतली वीज, शेजारचा पंखा, तुमचं अंग. तांदळाच्या दाण्याहून जरा मोठा एक रेझिस्टर पिन आणि जमीन यांच्या मधे लावला की भूत गप्प. ग्राउंडला आम्ही जमीनच म्हणायचो. ‘बघा,’ मी रेझिस्टर लावून म्हणायची, ‘एवढ्याशा गोष्टीसाठी लोक मांत्रिकाकडे जातात.’

मी बेळगावची. लग्न होऊन बंगळूरला आले तेव्हा हातात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा होता आणि नोकरी नव्हती. नव्वदचं दशक अर्धंअधिक सरलं होतं. जो तो कॉम्प्युटर शिकत होता, पण शिकणं म्हणजे पडद्याकडे बघत कीबोर्ड बडवणं. मला त्या यंत्राला हातपाय लावायचे होते. एका बाइंडरच्या दुकानावरची खोली भाड्याने घेतली, दोन जुने कॉम्प्युटर मिळवले आणि वर्ग सुरू केला. कॉम्प्युटरच्या पाठीला प्रिंटरसाठी पंचवीस भोकांचा सॉकेट असतो. त्यात प्रिंटरऐवजी आपल्या तारा जोडायच्या. मग दिवे लावता येतात, मोटर फिरवता येते, बाहेरचं बटण दाबलेलं कॉम्प्युटरला कळतं. खालून खळीचा वास वर यायचा आणि त्यात सोल्डरचा धूर मिसळायचा. मंगळवारी आणि शनिवारी दुपारी वर्ग भरे.

आमच्याकडे एक पत्र्याचा बिस्किटांचा डबा होता. ज्याचं सर्किट चाललं त्याने ते कागदावर काढून डब्यात टाकायचं. ज्याला हवं त्याने काढून घ्यायचं, कोपऱ्यावर झेरॉक्स करायचं आणि परत ठेवायचं. कागदावर नाव घालायचं नाही. हा नियम माझा. विद्येला मालक नसतो, असं मी ठसक्यात सांगायची. कोरमंगलाहून येणाऱ्या पोरांना तर ते फारच पटलं. पुण्याची आणि नागपूरची दोन-तीन पोरं होती ती, सॉफ्टवेअरमधे नोकरीला, पीजीत राहणारी. त्यांतला पुण्याचा म्हणाला, ‘मॅडम, हे तर एकदम ओपन सोर्स आहे. सॉफ्टवेअरचा सोर्स ओपन असतो, मग सर्किटचा का नको? बेस्ट आयडिया.’ मी फुशारले. वर्षभरात आमचे कागद हुबळीपर्यंत पोचले. आपण काढलेली रेघ आपल्याला न ओळखणाऱ्या माणसाच्या घरात काम करते, याचं मला अप्रूप होतं.

अशा वर्गात एक दिवस अण्णा आले. साठीच्या पुढचे, इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेन्सिली. छापखान्यात चाळीस वर्षं खिळे जुळवलेले कंपोझिटर. त्यांच्या आजोबांच्याही आधीपासून घराणं बंगळुरातच, तरी घरात मराठी टिकलेली, कन्नडशी सोयरीक झालेली. निवृत्तीनंतर घरी बसून छापखान्याची प्रूफं तपासत. मुलगा परदेशी गेला आणि जाताना त्याचा कॉम्प्युटर मागे राहिला.

‘अक्का,’ ते मला म्हणाले. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी अक्काच. ‘आमच्या हिला लकवा मारला. बोलता येत नाही. उजव्या हाताची बोटं तेवढी स्वल्प चालतात. मी पुढच्या खोलीत प्रूफं बघत असतो. तिला पाणी पाहिजे की कूस बदलायची आहे, कळतच नाही हो. एक बेल करून देता?’

‘मी करून देत नाही. तुम्ही करायची,’ मी म्हटलं. माझा दुसरा नियम.

त्यांनी डब्यातून कागद काढला, झेरॉक्स केला आणि तीन आठवडे मान खाली घालून सोल्डर करत बसले. त्यांचे तारांचे सांधे बघण्यासारखे होते, एकसारखे, स्वच्छ. कागदाबाहेरचं काही करत नसत. वर्गातल्या एकाने सुचवलं, इथे अमुक लावा, तर अण्णा म्हणाले, ‘कंपोझिटरनं मजकूर बदलायचा नसतो. जसा आला तसा लावायचा.’ मला ते वाक्य इतकं आवडलं की पुढे चार ठिकाणी सांगितलं.

बेल तयार झाल्यावर त्यांनी मला घरी बोलावलं. माझ्या वर्गापासून दहा मिनिटांच्या अंतरावर दोन खोल्यांचं घर. आतल्या खोलीत पलंग, उशाशी टेबलावर कॉम्प्युटर, बोर्ड साबणाच्या डबीत बंद केलेला. त्यातून लांब तार निघून पलंगावर आलेली आणि टोकाला बटण. अण्णांच्या बायकोने बोट दाबलं. बेल वाजली, पडद्यावर एक ओळ उमटली: किती वाजता दाबलं, किती वाजता सोडलं. अण्णा बाहेरून धावत आले. ते परत गेले तोच तिने पुन्हा दाबलं. ते पुन्हा आले. तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की बाई थट्टा करते आहे. तिचा अर्धा चेहरा हलत नव्हता, उरलेला अर्धा हसत होता. अण्णा तिथेच उभे राहून रडले. साबणाच्या डबीचं झाकण उघडून मी एकदा बघायला हवं होतं. मी चहा प्यायले, पाठ थोपटून घेतली आणि आले.

महिन्याभराने वर्गात अण्णा म्हणाले, ‘बेल स्वल्प जास्तच वाजते, अक्का. आत जाऊन बघतो तर ही झोपलेली.’

‘बायको आहे अण्णा, वाजवणारच,’ मी म्हणाले. सगळे हसले. अण्णाही हसले. ते हसू आठवलं की अजून माझ्या कानशिलाला झोंबतं.

त्यानंतर वेगळ्याच बातम्या येऊ लागल्या. जे. पी. नगरच्या एका गृहस्थांनी आमच्या कागदावरून पाण्याच्या टाकीचा अलार्म केला होता. टाकी रिकामी असताना तो वाजायचा, आणि त्यांच्या सासूबाई जिन्यावरून चढू लागल्या की हमखास वाजायचा. सासूबाईंनी त्याला लिंबू-मिरची बांधली. कोरमंगलाच्या पोरांनी पीजीच्या खोलीच्या दाराला भोंगा बसवला होता. कुलूपबंद खोलीत भर दुपारी भोंगा वाजला आणि मालकीणबाई खाली देवापाशी जाऊन बसल्या. नागपूरच्या पोराने तर खोलीच सोडली. ‘मॅडम, आय नो इट्स अ सर्किट,’ तो मला म्हणाला, ‘पण आपण पलंगावरून उठलो की ते वाजतं. आपल्याकडे बघत असल्यासारखं वाटतं.’ मग हुबळीहून एक पत्र आलं. ओळखदेख नसलेल्या, चारजणांना विचारून माझा पत्ता मिळवलेल्या माणसाचं: तुमच्या कागदावरून घंटा केली, ती कुणीतरी न दिसणारं वाजवतं, कृपया उपाय कळवावा.

पहिल्या दोन गोष्टींना मी हसले. पत्र वाचताना मात्र हसू आलं नाही. तीन घरं, एकमेकांना न ओळखणारी माणसं, आणि सगळ्यांकडे एकच भूत. त्या शनिवारी वर्ग सुटल्यावर मी डबा टेबलावर पालथा केला. एकेक कागद बघत गेले. तळाशी, झेरॉक्सवाल्याच्या काचेवर सारखा ठेवून कडा मऊ पडलेला एक कागद मिळाला. बटण, चिप, बेल. अक्षर माझं. रेझिस्टर नव्हता.

तो भुताचा कागद होता. वर्गात दाखवायच्या खेळासाठी मी मुद्दाम रेझिस्टर गाळून काढलेला. खऱ्या कागदात आणि त्याच्यात फरक एका रेघेचा. कधीतरी आवराआवर करताना मी तो डब्यात टाकला असणार. वर शीर्षक नाही, नाव नाही. चूक कुणाला विचारायची, तेही घेणाऱ्याला कळू नये अशी माझीच व्यवस्था. मी सगळे कागद पुन्हा चाळले. डब्यातला बेलचा कागद तेवढा एकच होता. म्हणजे अण्णांनीही तोच नेला होता.

त्यांच्या घरी जायला दहा मिनिटं लागली असती. मी गेले नाही. हे मला सरळ लिहू दे: मला लाज वाटली. रेझिस्टर नसला की काय होतं हे सगळ्या शहराला शिकवणारी मी, आणि तीच चूक मी वाटत सुटले होते. मंगळवारी अण्णा वर्गाला येतील तेव्हा हळूच बाजूला घेऊन सांगू, असं ठरवलं. मंगळवारी ते आले नाहीत. शनिवारी सांगू म्हटलं. शनिवारीही आले नाहीत. रविवारी दुपारी मी रेझिस्टर, सोल्डरिंग गन आणि पक्कड पिशवीत घालून निघाले.

दार उघडं होतं. पुढच्या खोलीत अण्णा पाटावर बसले होते, समोर प्रूफं, हातात पेन्सिल. पेन्सिल चालत नव्हती. मी ‘अण्णा’ म्हटलं, त्यांनी मान हलवून आत जा अशी खूण केली. मी सरळ आत गेले.

पलंग रिकामा होता. गादी गुंडाळून भिंतीला टेकवली होती. खाली फरशीवर पणती तेवत होती, तिच्याभोवती पीठ पसरलेलं. ते बघून मला कळलं. मी उंबऱ्यातच थबकले आणि मग एक पाऊल पुढे टाकलं.

बेल वाजली.

बटण पलंगाच्या कठड्यावरून खाली लोंबत होतं. त्याला कुणाचाही हात लागलेला नव्हता. पडद्यावर भराभर ओळी उमटत होत्या. कारण मला पाठ होतं, दर आठवड्याला मी तेच शिकवत होते: लांब तार, हवेतली पिन, जवळ आलेलं माझं अंग. तरी अंगावर सर्रकन काटा आला. मी मागे सरले, बेल थांबली. पुढे झाले, पुन्हा वाजली. त्या खोलीत मी आल्याचं काहीतरी ओळखत होतं, आणि ज्यांना मी खुर्ची मागे सरकवताना बघून हसत असे त्यांच्यासारखीच मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले.

पुढच्या खोलीत अण्णांनी मानही वर केली नाही. ‘वाजते ती,’ एवढंच म्हणाले.

त्या दोन शब्दांनी मी जास्त घाबरले. लांडगा आला रे आला म्हणत ती बेल दिवसभर ओरडत राहिली होती, आणि कान मेला होता.

थोड्या वेळाने ते उठून आत आले. म्हणाले, ‘गुरुवारी गेली. डॉक्टर म्हणाले पुन्हा झटका आला. चारला चहा घेऊन आलो तर सगळं संपलेलं.’ गुरुवार. मला त्याच्या आधीच्या शनिवारपासून माहीत होतं. मी मनातल्या मनात दिवस मोजले, पुन्हा मोजले, ते कमी होईनात.

‘अक्का, तुम्हाला हे वाचता येतं, अल्वा? येतं ना?’ त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं. ‘त्या दुपारी बेल वाजत होती. रोज वाजते तशीच. मी म्हटलं, वाजू दे. हातातली प्रूफं संपवून उठलो. ह्यातलं तिचं कुठलं आणि फुकटचं कुठलं, सांगता येईल?’

सांगता येणार होतं. हवेतली पिन थरथरते, एका सेकंदात दहा-दहा ओळी टाकते, मग गप्प बसते. माणसाचं बोट दाबतं, थांबतं, सोडतं. मी स्टुलावर बसले आणि गुरुवारपर्यंत मागे गेले. सकाळभर नुसती थरथर. दुपारी थरथर. आणि तीन वाजून बारा मिनिटांनी एक ओळ: चार सेकंद दाबलेलं. थोडं थांबून दुसरी, चार सेकंद. मग तिसरी. एकूण एकोणीस. शेवटच्या तीन-चार अर्ध्या-पाऊण सेकंदाच्या. तीन तेवीसला शेवटची. त्यापुढे पुन्हा थरथर.

मागे अण्णा उभे होते, त्यांचा श्वास ऐकू येत होता. या माणसाने हे ऐकून जगायचं कसं, असं मला वाटलं. आणि खरं सांगायचं तर, हे मी बोलले नाही तर ते घडलंच नाही असं होईल, असंही वाटलं.

‘नाही अण्णा,’ मी म्हणाले. ‘त्या दुपारचं तिचं एकही नाही. सगळं हवेतलं.’

त्यांचे खांदे पडले. जीव भांड्यात पडला बिचाऱ्याचा, असं मी समजले.

ते सावकाश पलंगाच्या लाकडावर बसले आणि बटण उचलून दाबलं. चार सेकंद. पडद्यावर खाली एक ओळ उमटली. ‘सकाळी मी इथं निजून बघितलं,’ ते म्हणाले. ‘तिच्या जागी. असंच दाबत होतो. ह्या बघा माझ्या ओळी.’ मग वाकून, एका बोटाने कळ दाबत, यादी वर-वर नेत ते गुरुवारच्या तीन-बारावर थांबले. ‘आणि ह्या?’

मी पिशवीचे बंद आवळत बसले.

‘चाळीस वर्षं अक्षरं उलटी वाचली, अक्का. दोन ओळी सारख्या आहेत की नाहीत एवढं मला कळतं.’

‘मग मला कशाला विचारलंत?’ माझा आवाज चढला. चोराच्या मनात चांदणं.

‘तुम्ही शिकवणाऱ्या. म्हटलं, माझं चुकत असेल.’

मग मी खरं सांगितलं. एकोणीसच्या एकोणीस तिच्या. आणि बाकीचंही सांगितलं: तो कागद माझा, चूक माझी, आठ दिवस मला ठाऊक होतं, आणि मी आले नाही. बोलता बोलता मी रडू लागले. अण्णा ऐकत होते की नाही कोण जाणे. त्यांचं बोट पडद्यावर एकेका ओळीवरून खाली येत होतं, प्रूफ वाचताना येतं तसं.

‘शेवटी शेवटी मी जायचाच नाही,’ ते म्हणाले. ‘दहा वेळा वाजली की एकदा जायचो. तिला दिसत होतं की मी येत नाही. मला वाटलं, तिनं आशा सोडली. मला बोलवायचंच सोडून दिलं आणि तशीच गेली. तुम्ही आता एकही नाही म्हणालात, तेव्हा तेच खरं ठरलं.’

मघाशी मी त्यांची सुटका केली नव्हती. त्यांना ज्याची सगळ्यात भीती होती तेच मी त्यांच्या पदरात घातलं होतं.

बोट एकोणिसाव्या ओळीवर टेकलं. ‘बोलवत होती तर,’ अण्णा म्हणाले. ‘अकरा मिनिटं बोलवत होती.’

मला तिथे बसवेना. निदान ती बेल तरी बंद करू म्हणून मी उठून टेबलामागे गेले आणि साबणाच्या डबीकडे हात नेला. हात तारेजवळ गेला आणि बेल वाजली. का वाजली हे मला माहीत होतं, आणि आता अण्णांनाही माहीत होतं. तरी ते ताडकन उठले, गुंडाळलेल्या गादीकडे वळले आणि घाईघाईने म्हणाले, ‘आलो गं, आलो.’